काहून सापडेना

ते वर्तुळ आज फिरलंच नाही. एरवी शोधाच्या चौकटीत काही लिहिलं की ते इवलंसं वर्तुळ गरगरत बसायचं, शिवकन्येचा चहा निवून जायचा, पण नोंदींचं ॲप काही हलायचं नाही... म्हणून सकाळपासून तिने साफसफाईच काढली होती. दोनदा उतरलेल्या नोंदी एक केल्या, शाळेचं सगळं वेगळ्या कप्प्यात टाकलं. वडिलांच्या, आबांच्या, आवाजाच्या फायली तर फारच जड — सगळं लिहून काढलंय, मग कशाला? — त्या पुसल्या, कचरापेटीही रिकामी केली. राहिले आबांचे शब्द. कोणत्या पाल्याने मेंढीचं पोट फुगतं, कळमनुरीच्या बाजारात बोकड कसा पारखायचा... ते सांगत गेले, ती टिपत गेली.

आता आबा, रखमाजी, ओसरीवर भिंतीला टेकून गप्प. लकव्याने वाचाच नेली. हिंगोलीचे डॉक्टर म्हणाले होते, त्यांच्याच बोलण्यातलं समोर बसून वाचून दाखवत राहा, जीभ वळली तर वळेल. त्यासाठीच ही सगळी उठाठेव. तिने हौसेने वाचायला घेतलं, "मेंढ्या अस्वस्थ झाल्या की पाऊस जवळ आला असे समजावे." आबा कुंपणाकडे बघत राहिले.

शेळीपुढे पाला टाकणारी आई थांबली. "कोन बोलून राहिलं गं हे?"

"आबाच की. त्यांचंच आहे."

"ह्यांचं? न्हाई बाई! रेडिओतला मानूस वाटून राहिला."

आई हसली. शिवकन्येने घाईघाईने चौकटीत लिहिलं — काहून. आबांच्या दर दुसऱ्या वाक्यात 'का'ऐवजी असायचा तो शब्द... काहून रडून राहिली, लेकरू काहून वाळलं... झटक्यात उत्तर आलं: काहीही सापडले नाही. तिने 'न्हाई' टाकलं. 'व्हय' टाकलं. काहीही सापडले नाही. अगं बाई, असं कसं? — आणि मग आपलीच बोटं आठवली, आबा बोलत असताना एकेक शब्द सुधारत जाणारी. सांगितलं होतं कुणी? कुणीच नाही. मोठी मास्तरीण! एवढ्या ढिगात बाप औषधालाही नाही, आणि ज्या आवाजाच्या फायलींत होता त्या मी सकाळीच, या हातांनी...

मरो ते चपळ ॲप. गरगरत राहिलं असतं तर निदान आशा तरी राहिली असती.

फोन पालथा टाकून ती आबांसमोर बसली. शाळेत जायला लागल्यापासून तो शब्द तिच्या तोंडातून निघालाच नव्हता. लाजच वाटायची त्याची.

"काहून..."

आबांनी मान वळवली. ते तिच्या ओठांकडे बघत होते, पुढच्या शब्दासाठी. आणि तिला जे जे सुचत होतं, ते सगळं शुद्ध होतं.