पाचटाखालचे तीन भोपळे

"उपटून मूळ बघितल्याशिवाय कळायचं नाही," असं म्हणत रंगनाथभाऊंनी वेलाच्या बुंध्याशी खुरपं टेकवलं.

माझ्या हातात चहाचा ट्रे होता. तो कुठे ठेवावा, हेही मला सुचेना.

रंगनाथभाऊंनी मांजरी गावात तीस वर्षं रोपवाटिका चालवली. त्यांना ह्यांनीच बोलावलं होतं. हे, म्हणजे श्रीनिवास, माझे यजमान. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं, आणि निवृत्तीनंतर हौस धरली ती एकच: शंभर किलोचा भोपळा आपल्या तळमजल्याच्या अंगणात वाढवायचा. लांबून मागवलेल्या पाच बियांतली एकच उगवली. वेल सहा फुटांवर आला आणि ह्यांच्या खुब्याचं ऑपरेशन ठरलं. हॉस्पिटलला निघताना मला बजावून गेले, "पंधरा फूट होईपर्यंत एकही फळ ठेवायचं नाही. दिसलं की तोड."

आमच्याकडे बायका आख्ख्या भोपळ्याला सुरी लावत नाहीत. तो घरच्या थोरल्या मुलासारखा. पहिला घाव पुरुषानं घालायचा, मग आम्ही चिरायचा. सासूबाईंनी लग्नाच्या वर्षी सांगितलं, ते मी छत्तीस वर्षं पाळलं. आमचा थोरला, केदार, परमुलखात असतो. लिंबाएवढं लवदार फळ दिसलं तेव्हा मी सुरी घेऊन गेले आणि तशीच परत आले. हॉस्पिटलात ह्यांनी विचारलं, तर म्हटलं, "तोडलं." चातुर्मासात रोज जप करणारं तोंड माझं, त्यातूनच हे खोटं निघालं. पुढे आणखी दोन धरली. तिन्हींवर मी उसाच्या वाळल्या पानांचं पाचट ओढलं.

सतरा दिवस झाले, वेल सात फुटांवरून हलला नव्हता. हे वॉकर धरून गॅलरीतून सांगत: शेणखत कमी कर, पाणी सकाळीच घाल, पानांखाली मावा बघ. मी सगळं करत होते.

"मुळांना गाठी असणार सर," रंगनाथभाऊ म्हणाले. "तसं असंल तर वाचत नाय. काढून टाका, जागा तरी मोकळी होईल."

ह्यांनी गॅलरीतून वेलाकडे एकदा बघून घेतलं. मग म्हणाले, "काढा."

खुरपं मातीत शिरलं.

"थांबा भाऊ." मी ट्रे खाली जमिनीवरच ठेवला आणि पाचट बाजूला केलं. नारळाएवढा एक, त्याच्याहून लहान दोन.

रंगनाथभाऊंनी खुरपं काढून घेतलं. "वहिनी, वेलाचं सगळं बळ ह्या फळांनी खाल्लं की. शेंडा कशाला पळंल?"

"तोडलं म्हणाली होतीस," हे म्हणाले.

"खोटं बोलले."

"वा. सतरा दिवस मी मातीला शिव्या घातल्या. मातीची माफी मागायला हवी आता."

मी मान वर केली नाही. रंगनाथभाऊंनी खिशातून चाकू काढला. "आणा, मी उडवतो."

"नको. वेल माझा आहे." हे वॉकर ढकलत पायरीशी आले. डॉक्टरांनी वाकायला सक्त मनाई केली होती. वाकलं तर नवीन सांधा निसटेल, असं त्यांनी दोनदा सांगितलं होतं. ह्यांनी एक हात वॉकरवरून काढला आणि चाकूसाठी पुढे केला.

"अहो, उभे राहा."

"बाजूला हो."

"सर, ऐका की," रंगनाथभाऊ म्हणाले. हे ऐकणारे नव्हते. कंबर वाकायला लागलीच होती.

मी रंगनाथभाऊंच्या हातातून चाकू घेतला. केदारचं नाव मनात आलं, ते बाजूला सारलं. पहिला देठ अपेक्षेपेक्षा मऊ निघाला. दुसराही. तिसऱ्याला, नारळाएवढ्याला, दोनदा चाकू फिरवावा लागला आणि बोटांवर चिकट पाणी आलं.

हे सरळ उभे राहिले, दोन्ही हात वॉकरवर.

"आता वेल जोर धरेल का?" मी विचारलं.

"मूळ धड असंल तर आठवड्यात कळंल," रंगनाथभाऊ म्हणाले आणि उकरलेली माती परत बुंध्याशी दाबू लागले.

"मला आधीच सांगायचंस," हे हळू आवाजात म्हणाले.

"तुम्ही हसला असता."

"हसलो असतो. आणि शेजारच्या सलिलला हाक मारून तोडून घेतले असते."

मी तिन्ही भोपळे पदरात घेतले, पण आत नेऊन त्यांचं काय करायचं, ते मला ठरवता येईना.