मूठभर मीठ

सुमती दाराशी आलेल्या मीटरवाल्याशी बोलायला वळली, तेवढ्यात दाजींनी बरणीतलं मूठभर मीठ शाम्पूच्या टबात सोडलं.

भल्यासाठीच. ठाकुर्लीच्या त्या दोन खोल्यांत त्यांची सून शाम्पू करायची. पाण्यासारख्या पातळ द्रावणात ती चिमटी-चिमटीनं मीठ घालायची आणि ते मधासारखं दाटायचं. जन्मभर खाडीत जाळं टाकलेल्या दाजींना त्याचं कोण कौतुक! मीठ मासा टिकवतं हे ठाऊक होतं. पाण्याला अंग देतं हे नव्हतं. मग हात आखडता कशाला? आज कल्याणचे भगवानशेठ नमुना बघायला येणार होते. बाटली उलटी करून धार बघणारा माणूस; धार पातळ दिसली की सुमतीचा धंदा सुरू होण्याआधीच आटोपला.

दाजींनी ढवळलं. मध विरला. टबात नुसतं पाणी डुचमळायला लागलं.

सुमती परतली. तिनं टब पाहिला, मग सासऱ्याच्या बोटांना चिकटलेले खडे पाहिले.

"बाबा, किती घातलंत?"

"जरासंच. म्हटलं, आणखी दाटेल."

"बेतात असलं तर दाटतं. जास्त झालं की परत पातळ."

ती चिडली नाही. तांब्या उचलून टबात पाणी ओतू लागली.

"अगं, आधीच पाणी झालंय, त्यात आणखी पाणी?"

"पाण्यानं मीठ पुन्हा बेतात येईल. हळू ढवळा. फेस नको."

दाजी ढवळत राहिले. पाणी पडत गेलं तशी त्यांच्या हातातली काठी जड होत गेली. दुपारी भगवानशेठनी बाटली उलटी धरली, तेव्हा धार तोंडाशी पोचेपर्यंत त्यांचा अर्धा चहा पिऊन झाला होता.

संध्याकाळी बंदराजवळच्या टपरीवर दाजींनी हे सांगितलं. इथल्या मंडळींनी आजवर त्यांची होडी गिळणाऱ्या माशाची थाप पचवली होती. खोपटच्या स्टँडवरून तिकीट काढून एसटीनं गेलेली मगरसुद्धा. आज मात्र सगळे खो-खो हसले.

"पाणी घालून दाटलं? दाजी, म्हातारे झालात!"

त्यांच्या जुन्या सोबत्याला, गुणाजीला, दया आली.

"अरे, मगरीची लाळ घातली असेल सुनेनं. काय दाजी?"

बाकडी पुढे सरकली. असली संधी दाजींनी आयुष्यात सोडली नव्हती. त्यांनी तोंड उघडलं. मग बशी खाली ठेवली.

"नाही," ते म्हणाले. "साधं नळाचं पाणी. आणि डोकं तिचं."