शार्दोनेच्या पेल्याची कबुली

मित्रांनो, मी एक जुना काचेचा पेला आहे, आणि आधीच सांगून ठेवतो, माझ्यावर पटकन विश्वास ठेवू नका. मी आरपार दिसतो, म्हणून याच्या पोटात काही लपत नाही असं लोकांना वाटतं. मलाही तसंच वाटायचं. त्या गैरसमजापायी एका भल्या माणसाची अब्रू जायची वेळ आली. ती हकिगत तुम्हाला सांगायची आहे.

माझा जन्म भट्टीतला. एका म्हाताऱ्या कारागिराने लांब नळीच्या टोकावर वितळलेल्या काचेचा गोळा घेतला, गाल फुगवून त्यात फुंकर घातली आणि मला पोट दिलं. मग खाली बारीक दांडी ओढली, तिला बसकी चकती लावली. पोट रुंद आणि तोंड जरा आवळलेलं, म्हणजे वाईनचा वास आतच कोंडून राहावा. उजेडाकडे धरून त्याने मला तीनदा फिरवलं.

"चकतीत बुडबुडा राहिला," तो बायकोला म्हणाला.

"चकतीकडे कोण बघतंय? जाऊ दे," ती म्हणाली. एवढ्या शिफारशीवर मी जगात आलो.

आम्ही सहा भावंडं एका बाईंनी विकत घेतली. बाई वाईनच्या कारखान्यात चव पारखायचं काम करत. कारखाना त्यांच्या थोरल्या भावाचा. भावाने द्राक्षं लावायची, वाईन करायची, आणि ती कितपत जमली ते बहिणीने सांगायचं. त्याला ते ऐकून घेणं जड जायचं, पण तिच्या नाकापुढे त्याचं काही चालत नसे.

बाई सकाळी अकराच्या सुमाराला, नाक ताजं असताना, खिडकीपाशी बसत. माझ्या पोटात थोडीशी वाईन ओतत, पांढऱ्या कागदावर मला तिरपं धरून रंग बघत, हुंगत, गरगर फिरवून पुन्हा हुंगत. मग एक घोट तोंडात घोळवून बादलीत थुंकून टाकत. नवीन माणसं हळहळत. "एवढी चांगली वाईन, आणि थुंकता?" बाई म्हणत, "गिळली की जीभ खुशामत करायला लागते."

त्या भावाने आयुष्याच्या शेवटच्या वर्षी जी शार्दोने केली, तिच्याभोवती माझं सगळं आयुष्य फिरलं. शार्दोने ही पांढऱ्या द्राक्षांची वाईन. पांढऱ्या वाईन बहुतेक दोन-तीन वर्षांत पिऊन संपवतात. पण द्राक्षं चांगली असली, लाकडी पिंपातला मुक्काम बेताचा झाला आणि नंतर कुणी घाई केली नाही, तर शार्दोने बाटलीत वर्षानुवर्षं मुरते. कधी मुरते, कधी नुसती म्हातारी होते. कोणती काय करेल ते उघडल्याशिवाय कळत नाही.

"बारा वर्षं हिला विकायचं नाही," भाऊ अंथरुणावरून म्हणाला होता. "दर वर्षी एक बाटली उघडून बघ. बाकीच्या निजू देत."

तीनशे बाटल्या तळघरात आडव्या निजल्या. तळघराची किल्ली किल्लीकाकांच्या कमरेला. त्यांना सगळे याच नावाने हाक मारत. तीस वर्षं तळघर सांभाळलं, पण त्यांनी कधी थेंब तोंडात घेतला नाही. "ज्याच्या कमरेला किल्ली, त्याने चव विचारू नये," असं त्यांचं म्हणणं.

पहिल्या वर्षीची शार्दोने माझ्यात पडली तेव्हा रंगाने जवळपास पाणीच, त्यात किंचित हिरवी झाक. वास कच्च्या सफरचंदाचा, आणि आंबटपणा असा की बाईंचे दात आंबले. चौथ्या वर्षी रंग वाळक्या गवताचा झाला, वासात लोणी आलं. सातव्या वर्षी फळाचा वास गेला आणि त्याच्या जागी दुसरं काहीच आलं नाही. बाईंनी वहीत लिहिलं, "रुसली आहे. वाट बघणे." नवव्या वर्षी मात्र मध आणि भाजलेल्या बदामाचा वास असा वर आला की बाई थुंकायच्या विसरल्या. "या पेल्यात वाईन खोटं बोलत नाही," त्या मला पुसताना म्हणाल्या. माझी भावंडं एव्हाना एकेक करून फुटली होती. मी एकटा उरलो होतो, आणि खरं सांगायचं तर ती स्तुती माझ्या डोक्यात गेली.

दहाव्या वर्षी बाईंना मोठा ताप आला. ताप उतरला, पण जाताना नाक घेऊन गेला. त्यांना कांद्याचासुद्धा वास येईना. दोन वर्षं शार्दोनेची बाटली उघडली नाही. कारखाना भावाचा मुलगा बघू लागला. त्याला सगळे धाकटे मालक म्हणत. माणूस वाईट नव्हता, पण घाईचा होता. त्याने नवे, पातळ काचेचे दोन डझन पेले आणले आणि मला जुन्या वह्या, जुनी बुचं यांच्याबरोबर पुठ्ठ्याच्या खोक्यात टाकलं. उपडा. खोकं गेलं जिन्याखालच्या खोलीत. तिथे एक नळ थेंब थेंब गळायचा. पुठ्ठा भिजला, फुगला, त्यावर काळी बुरशी धरली. मी स्वतःला म्हणत राहिलो, आपण काच आहोत, आपल्याला काय धाड भरली आहे?

बाराव्या वर्षी बाईंचं नाक परत आलं. आधी साबण, मग कॉफी, मग हळूहळू सगळं. त्याच सुमाराला एका मोठ्या हॉटेलवाल्याने ती सगळी शार्दोने मागितली. वाईन नीट मुरली आहे, असं बाईंनी सहीनिशी लिहून द्यावं, एवढीच त्याची अट. नाहीतर धाकट्या मालकांनी ठरवलंच होतं, सगळी सिरका, म्हणजे व्हिनेगर, करायला द्यायची आणि तळघरात नवी यंत्रं बसवायची.

ठरलेल्या सकाळी बाई खिडकीपाशी बसल्या. समोर नवा पेला होता. त्यांनी तो बाजूला सारला. "माझा पेला कुठे आहे?"

धाकट्या मालकांनी शोधाशोध केली, मला खोक्यातून काढलं, नळाखाली घाईने विसळलं, फडक्याने पुसलं आणि आणून ठेवलं. किल्लीकाकांनी बाटली वर आणली. बूच निघालं. वाईन माझ्यात आली, आणि बाईंनी मला नाकाशी नेलं.

त्यांच्या कपाळावर आठी पडली. "बूच लागलंय."

बूच खराब असलं की वाईनला ओल्या पुठ्ठ्यासारखा, बुरसट वास येतो, त्याला त्या कारखान्यात 'बूच लागणं' म्हणत. शंभरात दोन-तीन बाटल्यांचं असं होतंच. बाईंनी मला बादलीत रिकामं केलं. "दुसरी आणा."

दुसरीलाही तोच वास, वर आणखी काहीतरी शिळं. तिसरीलाही तोच. बाईंनी मला खाली ठेवलं. एका बाटलीला बूच लागतं, दोघींना लागेल. ओळीने तिघींना?

धाकट्या मालकांनी मला उचलून हुंगलं. वाईनमधलं त्यांना फारसं कळत नसे, पण बुरशी त्यांनाही कळली. "ही बाबांची वाईन नाहीच," ते म्हणाले. "कुणीतरी चांगली काढून घेतली आणि हे गटारपाणी भरून ठेवलं. किल्ली एकाच्याच कमरेला असते."

किल्लीकाका दारात उभे होते. त्यांनी टेबलावरची तिन्ही बुचं उचलून बाईंपुढे ठेवली. "बाई, बघा. तिन्हींवर मोठ्या मालकांचा शिक्का आहे, सालासकट. एकदा उपसलेलं बूच पुन्हा असं बसत नाही."

"शिक्का काय, कुणीही बनवून आणेल," धाकटे मालक म्हणाले.

"कुणीही नका म्हणू, मालक. माझं नाव घ्या."

"बरं, तुमचं नाव घेतो. तुम्हीच."

मित्रांनो, कबुली द्यायची तर पुरती देतो. त्या वेळी मलाही काकांचाच संशय आला. जो माणूस पीत नाही तो तीस वर्षं तळघरात करतो काय? हा नेहमी दारातच का उभा राहतो, आत येऊन बसत का नाही? आजवर जे मला साधं वाटलं होतं ते सगळं त्या एका क्षणात काळंबेरं दिसायला लागलं. आपल्याच अंगाचा वास आपल्याला येत नसतो, हे मला कुठे ठाऊक होतं!

"आणि आत्या, राग मानू नकोस," धाकटे मालक म्हणाले, "पण तुझं नाक तरी..."

"माझं नाक मला सांगू नकोस." बाईंचा आवाज चढला, पण त्यांनी मला पुन्हा एकदा हुंगून खाली ठेवलं. "तूच सांग, तुला तळघर एवढ्या घाईने रिकामं कशाला हवंय? बाटल्या उन्हात ठेवून कुणी नासवल्या नाहीत ना?"

"म्हणजे मी नासवल्या?"

एका खोलीत तीन माणसं, आणि प्रत्येकाचा दुसऱ्यावर संशय. बाईंचा तर स्वतःवरसुद्धा. दाराबाहेर बाटल्या धुणाऱ्या बायका काम सोडून कान देऊन उभ्या. किल्लीकाकांनी कमरेची किल्ली सोडली आणि माझ्याशेजारी टेबलावर ठेवली. इतक्या वर्षांत ती मी पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिली. घासून घासून तिचे दाते बोथट झाले होते.

बाईंना ठसका लागला. "पाणी," त्या कशाबशा म्हणाल्या.

जायला निघालेले काका थांबले. चोर ठरवलेल्या माणसाने, सवयीने म्हणा की स्वभावाने म्हणा, मला उचललं, दोनदा पाण्याने खंगाळलं, टेबलावरच्या जगमधलं पाणी भरलं आणि बाईंच्या हातात दिलं. बाईंनी मला ओठांशी नेलं आणि तशाच थांबल्या.

"काका, पाणी कुठलं?"

"नळाचं. आत्ताच भरलंय."

बाईंनी जग हुंगला. मग मला. मग पुन्हा जग. "या पाण्यालाही बूच लागलंय," त्या हळूच म्हणाल्या. "पाण्याला कुठून बूच लागेल?"

त्यांनी मला रिकामं केलं, पदराने पुसलं आणि माझ्या रिकाम्या पोटात नाक घातलं. मित्रांनो, काच फुटते तेव्हा दुखत नाही, पण त्या क्षणी मला जे झालं ते सांगता येत नाही. तो वास माझा होता. दोन वर्षं खोक्यातला ओलावा मी पीत बसलो होतो.

"हा पेला होता कुठे?" बाईंनी विचारलं.

धाकट्या मालकांनी जिन्याकडे बोट दाखवलं. किल्लीकाका गेले आणि जिन्याखालचं खोकं घेऊन आले. त्याचा तळ त्यांच्या हातात लोंबत होता. वास खोलीभर पसरला.

"मला दुसरं काहीतरी द्या. काहीही."

काकांनी त्यांचा चहाचा कप गरम पाण्याने धुऊन आणला, कान तुटलेला. "यात?" त्यांनी संकोचून विचारलं. बाईंनी तो आधी रिकामाच हुंगला, मग पहिल्या बाटलीतली शार्दोने त्यात ओतली. बराच वेळ त्या कपावर वाकून राहिल्या. मग एक घोट घेतला, आणि या खेपेला गिळला.

"जमलं रे तुला," त्या म्हणाल्या. ते खोलीतल्या कुणालाच उद्देशून नव्हतं.

मग त्यांनी नव्या पेल्यात नीट पारख केली आणि वहीत लिहिलं. रंग जुन्या सोन्याचा, पण चमक गेलेली नाही. मध, भाजलेले बदाम, वाळलेलं लिंबाचं साल. लाकडाचा वास पूर्वी पुढेपुढे करायचा, तो आता मागे जाऊन बसला आहे. आंबटपणा अजून ताठ, म्हणून वाईन वाकत नाही. अजून चार वर्षं चव चढत जाईल. तिसरी बाटलीही तशीच निघाली. दुसरी मात्र खरोखरच थकलेली होती, कापून उघड्यावर ठेवलेल्या सफरचंदासारखी. तिचं बूच सैल होतं, हवा शिरली होती.

"बघ, म्हणजे काहीतरी होतंच," धाकटे मालक पुटपुटले.

"तीनशेत अशा काही निघायच्याच. त्यात बुचाचा दोष आहे, माणसाचा नाही," बाई म्हणाल्या आणि त्यांनी सही केली.

धाकट्या मालकांनी किल्ली काकांपुढे सरकवली. "घ्या काका."

काकांनी हात लावला नाही. "मालक, मघाशी तुम्ही मोठ्याने बोललात. आताही मोठ्याने बोला. बाहेरच्या बायकांनी ते ऐकलंय, हेही ऐकू दे."

धाकट्या मालकांचा चेहरा लाल झाला. ते दाराकडे वळले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "चूक माझी झाली. काकांनी काही केलेलं नाही. तो पेला मीच त्या खोक्यात टाकला होता." तेवढं मात्र त्यांनी निभावलं.

काकांनी किल्ली उचलली. पण जाताना म्हणाले, "बाई, तळघराला आणखी एक कुलूप लावा. त्याची किल्ली तुमच्याकडे ठेवा. यापुढे मी एकटा आत जाणार नाही." बाईंनी पुष्कळ समजावलं. काकांनी ऐकलं नाही.

मला फेकून द्यायला कुणाची हरकत नव्हती. काकांनीच मला मोरीवर नेलं. ज्यांची अब्रू माझ्यापायी पणाला लागली, त्याच हातांनी मला गरम पाण्याने, सोड्याने चार वेळा धुतलं आणि खिडकीत वाऱ्यावर ठेवलं. चार दिवसांनी माझा वास गेला. आता बाई काही ओतायच्या आधी दर वेळी मला रिकामाच हुंगतात. मला त्याचा राग येत नाही.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. काचेची भांडी स्वच्छ धुवा, वाऱ्यावर वाळवा, ओल्या जागी कोंडून ठेवू नका. आणि वाईन नासली, माणूस नासला असं म्हणायच्या आधी आपल्या हातातला पेला एकदा हुंगून बघा. क्षणाचं काम आहे. आमच्याकडे तो क्षण उशिरा आला. म्हणून आजही तळघरातून काही आणायचं झालं की किल्लीकाका बंद दारापाशी उभे राहतात, आणि दुखऱ्या गुडघ्यांवर हात ठेवत बाई दुसरी किल्ली घेऊन एकेक पायरी उतरत येतात.