काशीच्या नाकाची शिवण

मांडवीच्या काशीचं नाक सरळ आणि रेखीव होतं, आणि हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. सणासुदीला मोत्यांची नथ घालून ती अशी काही मान वळवायची, की धाकटी जाऊ मालन म्हणायची, "वयनी, आधी तुझं नाक येतं न मागनं तू येतेस."

एका श्रावणात हळदीकुंकवाहून परतल्यावर नथ न काढताच ती वासराला सोडायला वाकली. वासराने मान झटकली, दावं नथीत अडकलं आणि डावी नाकपुडी पार कडेपर्यंत फाटली. जखम भरली, पण खाच राहिली. तेव्हापासून काशी पदर नाकाशी धरूनच बोलू लागली. मासळी घेतानाही पदर खाली यायचा नाही. कोळणीला वाटायचं, हिला आपल्या बांगड्यांचा वास येतो. त्यावरून दोनदा भांडणही झालं.

तिचा नवरा लवू मचव्यावर तांडेल होता, खलाशांचा म्होरक्या. पावसाळ्यात घरी असला की तो म्हणायचा, "अगो, शीड जरा फाटलं म्हणून कोणी मचवा टाकून देतं काय?" काशी त्याच्याशी दिवसभर बोलायची नाही.

पुढे मुलाचं, रघूचं, लग्न खाडीपलीकडच्या भाट्यात ठरलं. मग मात्र काशीने अंथरूण धरायचंच बाकी ठेवलं. "विहिणीसमोर हे नाक घेऊन जाऊ?"

मालनने तिला धरून गावातल्या डॉक्टरांकडे नेलं. हे डॉक्टर मोठ्या लढाईत बसऱ्याला होते, तिथे त्यांनी जखमी शिपायांची तोंडं शिवली होती. त्यांनी नाक उजेडात धरून पाहिलं आणि विचारलं, "कुठल्या लढाईत?"

"वासराच्या," मालनने सांगून टाकलं.

डॉक्टर हसले, पण काम त्यांनी जपून केलं. खाचेच्या कडा खरवडून जुळवल्या आणि बारीक टाके घातले. नथीचं भोकही त्यात बुजलं. "वर्षभर नथ नको. आणि शिवणीची रेघ दिसत राहील, ती काही माझ्या हातात नाही," त्यांनी बजावलं.

नाक पुन्हा पूर्वीसारखं झालं, पण त्यावर गुलाबी रेघ राहिली, आणि काशीला आता त्या रेघेशिवाय काही दिसेना. लवूने मुंबईहून पावडरीचा डबा आणला. ती पावडर गोऱ्या मडमांसाठी केलेली. काशीच्या गव्हाळ नाकावर ती लावली तशी मालन हसून हसून खालीच बसली. "वयनी, नाकावर बगळा बसलाय गो!"

मग मालननेच डोकं चालवलं. सहाणेवर चंदन उगाळलं, त्यात काव आणि चिमूटभर हळद कालवली. पहिल्यांदा रंग कौलासारखा झाला, नंतर पिकल्या पपईसारखा. शेवटी कातडीशी जुळला. तो टिकावा म्हणून आधी कुंकवाखाली लावतात ते मेण रेघेवर बोटाने पसरलं. लवू दारात येऊन उभा राहिला, जवळ आला, परत लांब गेला.

"काय बघताय?" काशीने विचारलं.

"शिवण शोधतोय. डावीकडं होती ना?"

त्या दिवशी काशीने त्याला वाटीभर जास्त सोलकढी वाढली.

लग्नाच्या दिवशी होडीतून खाडी ओलांडताना ती पाण्याकडे पाठ करून बसली, नाकावर शिंतोडा नको म्हणून. भाट्यात विहीण यमुनाबाईंनी सगळ्यांना सामोऱ्या येऊन उतरून घेतलं. बाई मोठ्या मनाची, मोठ्या आवाजाची. काशीचे पाय धुऊन त्यांनी वर पाहिलं आणि थांबल्या.

"नथ नाय घातलीत?"

"सोनाराकडं आहे. फासा सैल झाला होता," काशीने ठरवलेलं उत्तर दिलं.

"अगो बाई! वरमाय न नाक मोकळं? माझी दुसरी नथ आहे की. थांबा."

"नको, नको, कशाला..." म्हणेपर्यंत यमुनाबाई नथ घेऊन आल्यासुद्धा. काशी एकेक पाऊल मागे सरत भिंतीला टेकली. बायका कौतुकाने गोळा झाल्या. मालन मात्र तोंडात पदर कोंबून वाशांकडे बघत राहिली. यमुनाबाईंनी काशीची हनुवटी धरली आणि नथीचं टोक नाकपुडीवर फिरवलं. इकडे नाही, तिकडे नाही. मग बोटाने चाचपू लागल्या.

"विहीणबाई, भोक कुठं गेलं हो?"

वैशाखाच्या उन्हात मऊ झालेलं मेण ते. यमुनाबाईंच्या बोटाला तांबडा लगदा लागला आणि नाकावरची रेघ उघडी पडली. यमुनाबाई घाबरल्या. "देवा, मी नाक मोडलं काय?"

पडवीतून लवूचा आवाज आला, "नाय हो विहीणबाई, ते आधीच मोडलेलं होतं! आम्ही डागडुजी करून आणलंय!"

पडवीत हशा पिकला. काशीचे कान तापले. लवूला काहीतरी बोलायचं म्हणून तिने तोंड उघडलं, आणि यमुनाबाईंचं ते गोंधळलेलं तोंड, रंगलेलं बोट आणि लोंबती नथ बघून तिलाच हसू फुटलं. एकदा फुटल्यावर ते आवरेना. हसता हसता तिने वासरू, डॉक्टर, सहाण, सगळं सांगून टाकलं. बायका आळीपाळीने पुढे येऊन शिवण बघून गेल्या. एकीने तर बोट फिरवून टाके मोजायचाही प्रयत्न केला.

विहिणींची पंगत बसली तेव्हा यमुनाबाई काशीशेजारीच बसल्या. इकडे तिकडे बघून त्यांनी कानावरचे केस हळूच मागे सारले. बुगडीच्या वजनाने ओघळून कानाची वरची कड दुभंगली होती.

"फार दुखतं काय हो शिवताना?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

"दुखतं तर," काशी म्हणाली. "पण तुम्ही ओरडलात तर मी हसायची नाय. मालनला मात्र संगती नेऊ नका."

पलीकडून मालनने दोघींच्या पानांत एकेक जिलबी टाकली आणि ऐकूच न आल्यासारखी पुढे सरकली.