वेदीपुढची गादी

मी सोफ्यांच्या आणि खुर्च्यांच्या गाद्या भरतो. चाळीस वर्षं तेच केलं. बायको जाऊन दोन महिने झाले, तेव्हा आमच्या चर्चचे पाळकसाहेब दुकानात आले. म्हणाले, "वेदीपुढची गादी पार बसलीय. नवी भरून द्याल?"

रविवारी उपदेश संपला की पाळक हाक देतात. ज्याला पापातून तारण हवं असेल, आपलं जीवन प्रभूच्या हाती द्यायचं असेल, त्याने पुढे यावं. मग गीत सुरू होतं आणि ज्याच्या मनात येईल तो पुढे जाऊन त्या गादीवर गुडघे टेकतो. बहुतेकांचं हे जन्मात एकदा होतं. माझी बायको मात्र सारखी जायची. मी कधीच गेलो नाही.

"तुझं तारण म्हणजे गळकी टाकी आहे काय, सारखी भरायला?" घरी येताना मी म्हणायचो.

"माझी गळते तरी. तुमची अजून बसवलीच नाही."

हसण्यावारी न्यायचो, पण मनात सलायचं. हिच्या हातून असं काय घडलंय, जे नवऱ्याला सांगता येत नाही? एकदा सरळ विचारलं. "तुम्ही एकदा पुढे या, मग कळेल," एवढंच म्हणाली.

चर्चमधल्या तिच्या शेवटच्या रविवारी तिला धाप लागत होती. तरी हाक झाल्यावर थोड्या वेळाने ती पुढचा बाक धरून उठली. मी मनगट धरून तिला खाली बसवलं.

"अहो, सोडा ना."

"डॉक्टरांनी चालायला नाही सांगितलंय."

खरं तर मला लोकांची लाज वाटत होती. तिने पुन्हा एकदा हात सोडवून पाहिला. नऊ दिवसांनी गेली.

गादी दुकानात आणून मी स्वतः उसवली. तिच्या गुडघ्यांचे खळगे पडलेले असतील, तेवढा फोम कापून घरी ठेवायचा, असं ठरवलं होतं. कापड काढलं. फोम या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखाच दबलेला. दिवा जवळ घेतला, तळवा फिरवून पाहिला. तिची जागा काही सापडली नाही.

शनिवारी नवी गादी बसवताना पाळकांना विचारलं, "आमची ही कुठे गुडघे टेकायची?"

"ठरलेली जागा नव्हती. जो एकटाच पुढे आला असेल, त्याच्या शेजारी." ते माझ्याकडे बघत राहिले. "तुम्हाला माहीत नव्हतं? लग्नाआधी त्या पहिल्यांदा पुढे आल्या, तेव्हा दुसरं कुणीच आलं नव्हतं. ते त्या विसरल्या नाहीत."

मी हातोडी खाली ठेवली. "आणि त्या शेवटच्या रविवारी?"

"एक लिफ्ट दुरुस्त करणारा पुढे आला होता. एकटाच."

"आता येतो?"

"नाही. त्यानंतर दिसला नाही."

दुसऱ्या दिवशी हाक झाली. कुणीच उठलं नाही. मी उठलो. प्रभूची माफी मागायची की तिची, ते माझं मलाच ठरत नव्हतं. नवा फोम कडक होता, गुडघ्यांना लागत होता. पाळकांनी डोक्यावर हात ठेवला, काहीतरी बोलले, मला ऐकू आलं नाही. माझे कान मागच्या पावलांकडे होते. गीताची चार कडवी होती. चारही संपली. माझ्या डाव्या हाताला एक माणूस मावेल एवढी जागा तशीच राहिली.

वेदीचा कठडा धरून उठलो. गादीवर माझ्या गुडघ्यांचे दोन खळगे होते. बघता बघता ते भरून आले.

दाराशी पाळकांना विचारलं, "तो लिफ्टवाला राहतो कुठे?"

"का हो?"

"त्या दिवशी ती उठली होती. मी धरून ठेवलं. एवढं त्याला सांगायचंय."