दहापैकी चार

दर्शनाने तक्ता पाहिला. पाचव्या आठवड्यातही हफीजाचाचीने प्रत्येक रकान्यात बरोबरची खूण केली होती. बंदरावर फेरी, शेजारणीशी गप्पा, कुंड्यांना पाणी. आणि मन कसं होतं, त्याला रोज दहापैकी दहा. दारातल्या चाचीच्या चपलांवर मात्र कोळ्याने जाळं विणलं होतं.

बंदराजवळच्या राजिवड्यातलं हे घर. वजीरचाचा गेले त्याला दीड वर्ष झालं, तेव्हापासून चाचीने खाट धरली होती. कुवेतहून आलेली मुलगी नबीला महिनाअखेर परत जाणार होती. मग मुंबईचा मुलगा फैझान घराला कुलूप लावून आईला मीरा रोडला नेणार, हे ठरलेलं. चाची एवढंच म्हणे, "मला हयसून हलवू नका." त्यासाठी तरी तिने उठायला हवं होतं.

दर्शना मानसिक आरोग्य केंद्रातली समुपदेशक. पुण्याच्या प्रशिक्षणात ती शिकली होती, की मन लागेल तेव्हा करू म्हणत बसू नये. आधी लहानसं काम करावं, मन मागून येतं. संशोधन भक्कम होतं. पण आमची दर्शना तिथल्या नमुन्याचा तक्ता जसाच्या तसा छापून घेऊन आली. हुशार पोरगी, पण पुस्तकी! रुग्णाच्या घरी काही घेऊ नये, हेही तिथलंच, म्हणून पाच बुधवार तिने नबीलाचा चहा परत पाठवला होता.

"चाची, या खुणा खोट्या ना?"

चाचीने होकारार्थी मान हलवली. मग म्हणाली, "उन्हातानाची येतस. चहा घेत नाय, पाणी घेत नाय. रिकाम्या हाताने कशी धाडू तुला? म्हणून खुणा दिल्या."

दर्शनाला हसू आलं आणि डोळेही भरले. काम माणसाच्या जिव्हाळ्याचं हवं, हे वाक्य तिने प्रशिक्षणात दोनदा अधोरेखित केलं होतं. अंथरुणाला खिळलेल्या या बाईचा जिव्हाळा पाच आठवडे समोर होता, कपबशीत वाफाळत.

तिने तिथूनच केंद्रातल्या डॉक्टरांना फोन करून विचारलं, रुग्णाच्या घरी जेवलं तर चालेल का. ते म्हणाले, "उपचार म्हणून जेवणार असाल, तर पोटभर जेवा."

"पुढच्या बुधवारी मी जेवायला येणार," दर्शनाने चाचीला सांगितलं. "मासा तुम्ही आणलेला हवा. नबीलाने आणला तर उपाशी जाईन."

मग दोघींनी नवा तक्ता केला. शुक्रवारी फक्त चपला झटकून घालायच्या. शनिवारी फाटक. सोमवारी रिक्षा स्टँड. बुधवारी मिरकरवाड्याचा मासळीबाजार. मन आलं नाही तरी पायांनी जायचं.

बुधवारी दर्शना आली, तर दाराला कुलूप. फैझान चाचीला घेऊन गेला की काय?

तेवढ्यात रिक्षा थांबली. आधी नबीला उतरली, हसत आणि डोळे पुसत. मागोमाग चाची, हातात पिशवी, तोंडाचा पट्टा सुरू. "कल्ले काळे पडलेले, नि मासेवाली ताजा सरंगा म्हणते! मला सांगते, हफीजाला! नबीला, कुलूप काढ, मसाला वाटायचाय."

जेवणानंतर चाचीने तक्ता ओढला. सोमवारपर्यंत एक, एक, दोन असे आकडे होते. बराच विचार करून तिने चार लिहिले.

"दहा नाही?"

"नाय. फाटकाशी पाय लटपटले. वजीरच्या आवडीचा मासा बघून रडूही आलं. पण चार खरे."

इतका देखणा चार दर्शनाने आयुष्यात पाहिला नव्हता.

आणखी तीन बुधवार झाले. आकडा पाचावर गेला, एकदा तिनावर घसरला, मग सहावर आला. शेवटच्या बुधवारी फैझान गाडी घेऊन हजर. "अम्मी, सामान बांधलंस?"

चाची चुलीकडून वळलीही नाही. "हात धू नि बस. घर बंद नाय होणार. बुधवारी माझ्याकडे माणूस जेवायला येतो."

आणि दर्शना नको नको म्हणत असताना चाचीने तिच्या ताटात माशाची आणखी एक तुकडी वाढली.