बटणाचा हूक

आमचे हे ट्रक चालवायचे. घरी आले की अंघोळ, चहा, आणि शर्टाची बटणं लावत लावतच जिना उतरायचे. मुलं मोठी होऊन लांब गेली, तरी मी जास्त पाहिली ती यांची पाठच.

मग अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. मेलं, सांगायलाही लाज वाटते, पण तेव्हापासून माझ्या सकाळी सोन्याच्या झाल्या. हे पलंगाच्या कडेला बसायचे, मी समोर स्टुलावर. खालून वर एकेक बटण मी लावायचे. यांचा श्वास गालाला लागायचा. "हळू गं," म्हणायचे, जड जिभेनं. मी मुद्दामच हळू लावायचे.

मग दवाखान्यातली व्यायाम शिकवणारी मुलगी एक हूक घेऊन आली. लाकडी मूठ, पुढे तारेचा फास. फास काजातून घालायचा, बटण पकडायचं आणि ओढायचं. एका हातानं काम फत्ते. आठवड्याभरात हे तरबेज झाले. "बघ!" म्हणून छाती पुढे काढून दाखवली. मी म्हटलं, "वा!" आणि आत जाऊन भांडी आपटली. आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस माझ्यासमोर बसला होता, आणि तेवढंही सुख त्या तारेच्या तुकड्याला बघवलं नाही.

शेवटी मी तो उचलला आणि शिलाई मशीनच्या खणात चिंध्यांखाली कोंबला.

सकाळी यांनी उशी उलटली, पलंगाखाली पाहिलं. "हूक?"

"मला काय ठाऊक? वस्तू जागेवर ठेवायची सवय कधी होती तुम्हाला? बसा इकडे!" चोर तो चोर, वर शिरजोर.

पुन्हा बटणं माझ्या हाती आली, पण मन खाऊ लागलं. एवढ्या जिद्दीनं शिकलेला माणूस, आणि मी त्याचा हातच पळवला की! एके सकाळी ठरवलं, आज देऊन टाकायचा. खण उघडला, चिंध्या उपसल्या. हूक नाही. माझी पाचावर धारण बसली.

हे उघड्या शर्टानं वाट बघत बसलेले. आता कबूल करावंच लागणार म्हणून समोर बसले, बटणं लावायला घेतली. छातीशी पोचले तर खिशातलं काहीतरी टोचलं. लाकडी मूठ.

"कधी सापडला?"

"लपवलास ना... त्याच दिवशी."

"मग बोलला का नाहीत?"

अर्धेच ओठ हसले. डावा हात माझ्या हातावर येऊन बसला. "लाव ना. अजून दोन राहिलीत."

डोळे असे भरून आले की काजच दिसेना. बराच वेळ लागला मला. हे जागचे हलले नाहीत.